नजमुन्निसाखालांचं पाणी आणि अरफाचं नेट

आमच्या गारखेड्यात नळ येतो तो पाहुण्यासारखा, आठ-आठ दिवसांनी. त्या दिवशी शेजारच्या नजमुन्निसाखाला घरातल्या बोळात, हॉल आणि आतल्या खोलीच्या मधे, ड्रम भरतात, ड्रमांवर घागरी, घागरींवर पातेली. एकदा तर बरणीतलं लोणचं उपसून तिच्यातही पाणी भरलं. पण शेजारणीनं तांब्याभर मागितलं, की खालांचा गुडघा दुखायला लागतो. शेजारीण म्हणजे मी.

त्यांची अरफा आतल्या खोलीतून परगावच्या मुलांना मोबाईलवर गणित शिकवते. एका मोठ्या क्लासची नोकरी जवळजवळ पक्की होती, फक्त शुक्रवारी नमुन्याचा तास घ्यायचा होता. आणि नेट असं, की मुलांच्या पडद्यावर अरफा फळ्यापुढं तोंड उघडं ठेवून थिजायची. नेटवाला सोमनाथ राउटर बदलून गेला, तरी तेच.

गुरुवारी खालांनी शिलाई मशीन थांबवलं.

"दीपमाला, ध्यान दे. पाणी भरलं की नेट जातं. पाणी सरत आलं की जोरात पळतं."

"खाला, नेट काय नळातून येतं व्हय?"

"हस तू! राउटर हॉलमधी, पोरगी आत, मधी माझं पाणी. भिंतच झाली की!"

अरफानं मोबाईल घेऊन बोळातून फेऱ्या मारल्या. ड्रमांच्या अलीकडं नेट भरपूर, पलीकडं नावाला. खाला छाती काढून उभ्या! राउटर आत न्यावा तर वायर आखूड, अरफानं हॉलमध्ये यावं तर फळा आतल्या भिंतीला ठोकलेला.

त्यात या खेपेला नळ चार दिवस आधीच, शुक्रवारी सकाळी आला. खालांनी सवयीनं सगळं काठोकाठ भरलं. तास तोंडावर आला, तशी अरफा रडवेली झाली.

"अम्मी, पाणी पाहिजे का माझी नोकरी?"

खालांनी घागरींवरून एकदा हात फिरवला.

"सांडणार मात्र नाय. दीपमाला, बादल्या आण!"

सगळी गल्ली भांडी घेऊन धावली. घागरी गेल्या, ड्रमसुद्धा उपसले.

"खाला, गुडघा बरा आहे ना?"

"गप. भर."

बोळ मोकळा झाला आणि आतून अरफाचा आवाज आला, "समजलं का?" पलीकडून पोरांचं "हो मॅडम" आम्हाला हॉलमध्ये ऐकू आलं. संध्याकाळी नोकरी पक्की.

दुसऱ्या दिवशी खाला माझ्या दारात. एका हातात पेढे, दुसऱ्या हातात रिकामी घागर.

"तोंड गोड कर. सोमनाथनं वायर लांब करून राउटर आत लावला. आता माझं पाणी आण."

पेढा तोंडात टाकला आणि मी गुडघा धरून खाली बसले.