उघड्या डोक्याचे मोठे आजोबा

तुमच्या आजोबांचे थोरले भाऊ, म्हणजे तुमचे मोठे आजोबा, यांच्याइतका मनापासून रागावणारा माणूस तापीच्या दोन्ही काठांवर झाला नाही. ऊस वेळेवर वाढला नाही तर ते उसाला रागवत, बैल फार शहाण्यासारखा वागला तर बैलाला. धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलायचं नाही, ही घरची रीत. म्हणून मला ते ओसरीवरच्या खांबामार्फत रागवत. "खांबा, आज भाजीमा मीठ शे का नही?" मी खांबाआडून निमूट ऐकून घेई आणि मनातल्या मनात इंग्रजीत उत्तर देई.

पण त्यांचा खरा राग राखून ठेवलेला होता तो गावच्या कबड्डीच्या संघासाठी. सन साठच्या आसपासची गोष्ट. त्या हंगामात आमची पोरं बाहेरगावी जिंकून येत आणि घरच्या मैदानावर हटकून हरत. मोठे आजोबा कडेला उभे राहून म्हणत, "हाई मैदान शे का सासरवाडी? लाजी का ऱ्हायनात?" शेवटी एका पराभवानंतर त्यांनी टोपी काढून खांबाच्या खुंटीला टांगली आणि घरच्या मैदानावर संघ जिंकेपर्यंत उघड्या डोक्याने राहायची शपथ घेतली. आमच्याकडे ते सुतक आल्यासारखं दिसे. त्यात फाल्गुनात त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न. बोडक्या डोक्याने मांडवात उभ्या राहणाऱ्या बापाला व्याही काय म्हणतील, या काळजीने जाऊबाईंना घास गिळेना. आणि घरचा सामना उरला होता एकच, धडगावच्या संघाशी.

मोठ्या आजोबांनी युक्ती काढली. पाहुण्या संघाला सामन्याआधी जेवू घालायची रीत होतीच; त्यांना इतकं खाऊ घालायचं, की पळताच येऊ नये. पहाटेपासून मी पुऱ्या तळल्या, भरतासाठी वांगी भाजली, शिरा केला. माझं डोकं कढईतल्या तेलाइतकंच तापलं होतं. पण पाहुण्यांना एकटं जेवू देत नाहीत, यजमानांनाही पंगतीला बसावं लागतं, हे मोठ्या आजोबांच्या ध्यानातच आलं नाही. आमची पोरं आग्रह करता करता स्वतःच आडवी होईपर्यंत जेवली. डोंगर चढून-उतरून वाढलेली धडगावची पोरं दुप्पट जेवली आणि उपाशी असल्यासारखी पळाली.

आपण हरलो. मोठे आजोबा पोरांवर, पंचावर, वांग्यांवर रागावले आणि मग एकदम मैदानातच खाली बसले. आम्ही बायका कुंपणाआडून पाहत होतो. "पोरीना मांडवमा कसा उभा ऱ्हासू?" ते एवढंच म्हणाले.

धडगावचा कप्तान त्यांच्यापुढे उकिडवा बसला. "बाबा, तुमना घरनं मीठ खादं. आते आम्ही बी तुमनाच पोरे. मंग हारनं कोन?"

मोठे आजोबा धोतर झटकून उठले. घरी येऊन खांबापुढे उभे राहिले. "खांबा, मन्ही टोपी दे." मी आडूनच ती पुढे केली. जाता जाता म्हणाले, "पुऱ्या चांगल्या व्हत्यात."

लग्नात पंगती धडगावच्या पोरांनी वाढल्या, आणि मोठे आजोबा फेटा बांधून दिवसभर त्यांच्यावर रागावत फिरले.

तुम्ही कळवलंत, की तिकडचा तुमचा बेसबॉलचा संघ हंगामातला शेवटचा घरचा सामना हरला, तरी सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. छानच. इथे खांब अजून आहे, त्याच्याशी आता कुणी बोलत नाही. तिकडे एक तरी माणूस रागावला का रे?