विहीणबाईंचे वाकडे मोती

चहा घ्या, पण घोट तोंडात असताना हे ऐकू नका. ठसका लागला तर मी जबाबदार नाही! माझ्या शहाणपणाचे किस्से पुष्कळ, पण हा त्यांचा बादशहा.

खारघरला टॉवर उगवायला लागले होते, तेव्हाची गोष्ट. आमच्या लेकीचा, मीनलचा साखरपुडा. मुलगा पनवेलजवळच्या विचुंब्याचा. त्याच आठवड्यात मी पुढच्या चार नकली दातांची पट्टी बसवून घेतली होती. एकसारखे, पांढरेशुभ्र दात! घरात सक्त ताकीद : "तिकडच्यांना कळता कामा नये."

विहीणबाईंनी मीनलसाठी मोत्यांची माळ काढली. अहो, काय ते मोती! एक शेंगदाण्यासारखा, एक लसणीच्या पाकळीसारखा, एक तर चक्क चेपलेला वाटाणा. दोन मोती एकमेकांचे नातेवाईक वाटतील तर शपथ!

"माज्या सासूचं मोती हायत, याहीबुवा," त्या कौतुकाने म्हणाल्या.

आता, खरा मोती दातावर घासला की खरखरतो, खोटा गुळगुळीत सरकतो, हे मला ठाऊक. आणि ठाऊक असलेलं पोटात ठेवेन तर तो मी कसला? "बघू जरा," म्हणत चाळीस पाहुण्यांदेखत एक मोती पुढच्या दातांवर घासला.

गुळगुळीत!

समोरून बायको स्वतःच्या दातांवर बोट आपटायला लागली. मला वाटलं, 'नीट घासा' म्हणतेय. मी दुसरा घासला, तिसरा घासला. नुसता साबण!

"विहीणबाई, तुमच्या सासूबाईंना कोणीतरी फसवलंय. हे खोटे आहेत."

मीनलचे डोळे भरले. विहीणबाई ताडकन उठल्या.

"माजी सासू खोटं घालायची? चला सराफाकडं! खोटं निगालं तर तुमचं पाय धरीन. खरं निगालं तर ह्यो साखरपुडा मोडला!"

सुमो भरून वरात पनवेलच्या बाजारात. सराफाने मोती दातावर घासला. "खरखरीत आहे की! अस्सल मोती असेच वाकडेतिकडे. फार एकसारखे दिसले की आम्हाला शंका येते."

बायकोने घासला. "खरखर."

मीनलने हुंदके देत घासला. "खरखर."

"मग मलाच कसा गुळगुळीत लागतो? द्या इकडे!" मी माळ हिसकावली आणि असा जोर लावला की माळेचा आकडा पट्टीत अडकला आणि टक्! चार दात काउंटरवर.

सराफाने सवयीने ते चिमट्याने उचलले, डोळ्याला भिंग लावलं. "हे मात्र नक्की प्लास्टिक. ह्यांना खरखर कळणार कशी?"

 मग विहीणबाईंची हनुवटी थरथरली, पदर तोंडात गेला, आणि हसून हसून त्या खाली बसल्या. डोळे पुसत उठल्या आणि माळ त्यांनी स्वतःच्या हाताने मीनलच्या गळ्यात घातली.

"रडू नको गं बाय. वाकडं हाय, पन खरं हाय. सरळ आन चकचकीत दिसंल ना, त्येला आदी घासून बगाचं!"

बिनतोड उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं हो! पण दात सराफाच्या चिमट्यात होते.