बोर्डावरची डॉक्टर

माझी नात सहा वर्षं परदेशात डॉक्टरकी शिकली. परत येऊन तिला आता चौथं वर्ष चालू आहे. अजून तिला कुणाला तापाची साधी गोळी लिहून देता येत नाही. गल्ली तिला डॉक्टर म्हणते. घरात आम्ही तिला काहीच म्हणत नाही.

मी चौथी पास. गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर म्हैस उभी करायची, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर धार काढून पेला हातात द्यायचा, यावर मी घर चालवलं. मुलगा शिकला नाही, त्यानेही म्हशीच वाढवल्या. नात हुशार निघाली. हुशार म्हणजे आमच्या घराच्या मानाने. डॉक्टरकीच्या परीक्षेला तिच्याहून हुशार पोरं पुष्कळ बसली होती आणि इथल्या सरकारी कॉलेजात तिचा नंबर लागला नाही. दुसऱ्या वर्षी परत बसली, परत तेच. खाजगी कॉलेजात मुलगा फी विचारायला गेला आणि आत न बसताच घरी आला. मग त्याला कुणीतरी एजंट सांगितला.

एजंटाच्या ऑफिसात आम्ही तिघं गेलो. मुलगा, नात आणि मी. माणूस बोलायला गोड. "या पावणं, बसा," म्हणाला. चहा मागवला. "सहा वर्सात पोरगी डॉक्टर. शिकवणं सगळं इंग्रजीत. आणि जेवान आपलं. आचारी कागलचा नेलाय मी तिकडं."

मी विचारलं, "भाकरी मिळती काय?"

"आज्जी, भाकरी काय घेऊन बसलाय, ऐतवारी तांबडा-पांढरा रस्सा असतोय. तुमी बी चला की ॲडमिशन घ्यायला!"

सगळे हसले. मीही हसले. भाकरीचं उत्तर मिळालं तशी मुलाला सगळीच उत्तरं मिळाली. निम्म्या म्हशी विकून त्याने तिला विमानात बसवलं. देशाचं नाव मला नीट घेता येत नाही. गल्लीतल्या बायका 'रशियाकडं' म्हणायच्या, मीही तेच म्हणायला लागले. रशिया नव्हता तो.

तिचा फोन आला की मागे कायम मराठी ऐकू यायचं. "ए, कुकर बंद कर की, जळालं समदं!" असं कुणीतरी ओरडायचं. मला बरं वाटायचं, पोरगी आपल्या माणसांत आहे म्हणून. हॉस्टेलचा तो आख्खा मजला कागल, इचलकरंजी, वारणा, सांगली या भागातल्या पोरींचा होता. त्या एकत्र जेवायच्या, एकत्र बाजारात जायच्या, गणपती बसवायच्या. दुकानात बोट दाखवून वस्तू घेता येत होती, त्यामुळे तिथली भाषा कुणी शिकली नाही. शिकवणाऱ्यांचं इंग्रजी यांना कळायचं नाही आणि यांचं त्यांना. शेवटी इथल्याच कुणाकुणाचे व्हिडिओ बघून पाठ करायचं आणि पेपर लिहायचा. पास व्हायच्या सगळ्या. नापास करायची पद्धत तिथे फारशी नव्हती.

मधलं एक वर्ष साथीमुळे घरीच गेलं. मोबाइलवर कॉलेज होतं. गोठ्याच्या माडीवर रेंज चांगली येते म्हणून ती तिथे बसायची. खाली म्हशी, वर ती, आणि मोबाइलमध्ये मेलेलं माणूस उघडून दाखवलेलं. मी चहा घेऊन जायची आणि तिकडे न बघता खाली यायची.

तिथल्या दवाखान्यातली एकच गोष्ट तिने मला सांगितली आहे. आम्ही दोघी मेथी निवडत होतो, तेव्हा आपणहून बोलली. पोरापोरींना वॉर्डात नेऊन भिंतीला उभं करायचे. डॉक्टर पेशंटशी त्यांच्या भाषेत बोलायचे, ही पोरं बघायची. एकदा डॉक्टर पुढे गेले तेव्हा खाटेवरच्या म्हातारीने हिचा हात धरला आणि बोलायला लागली. बराच वेळ बोलली. पोटाकडे हात न्यायची, दाराकडे हात करायची, परत हिच्या तोंडाकडे बघायची. हिला त्या भाषेतला 'बरं, बरं' हा एकच शब्द येत होता. ही तोच म्हणत राहिली. दुसऱ्या दिवशी खाट रिकामी होती.

"ती काय म्हणत होती, मला अजून माहीत न्हाय आज्जी."

"दुखतंय म्हणत आसंल," मी म्हटलं.

"ते बघूनबी कळतंय. दुसरं कायतरी होतं."

मेथी संपली तशी ती उठली.

ती डिग्री घेऊन आली त्या दिवशी मंडळाच्या पोरांनी गल्लीच्या तोंडाला डिजिटल बोर्ड लावला. तिच्या नावामागे 'डॉ.', गळ्यात नळी आणि खाली अभिनंदन करणाऱ्यांचे फोटो. तिच्या फोटोपेक्षा त्यांचे मोठे. हलगी लावली, तिला उघड्या जीपमधून आणली. तिला फेटा बांधला, मलाही बांधला. मी बांधून घेतला. मुलगा त्या दिवशी रडला. म्हैस मेल्यावरसुद्धा तो रडत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासूनच माणसं यायला लागली. एकीचा गुडघा, एकाची साखर, एकीचं पोर हगतंय. "डॉक्टरीणबाई, जरा बघता काय?" ती दारात उभी राहून सगळ्यांना हेच सांगायची, "मला अजून द्यायचा अधिकार न्हाय. दवाखान्यात जावा." माणसं एकमेकांकडे बघत जायची. जाताना एकजण जिन्यात म्हणाली, "परदेशाचं वारं लागलंय. नाडी बघाय काय अधिकार लागतोय?"

लागतो. बाहेरून शिकून आलेल्यांना इथे एक परीक्षा द्यावी लागते. ती सुटल्याशिवाय डॉक्टर म्हणून हात लावता येत नाही. पहिल्या वेळी तिची ती थोडक्या मार्कांनी गेली. थोडक्यात जाणं सगळ्यांत वाईट, माणूस परत बसतं. दुसऱ्या वेळी जास्त गेली, तिसऱ्या वेळी त्याहून जास्त. शिकलेलं जुनं होत चाललं आणि न शिकलेलं तसंच राहिलं. मुलाने घरात सांगून ठेवलं, कुणी विचारलं तर 'पुढच्या शिक्षणाची तयारी चाललीय' म्हणायचं. मीही तसंच म्हणायची. माझं ब्लडप्रेशर बघायला मी दोन गल्ल्या पलीकडच्या डॉक्टरकडे जाते. त्याने एकदा विचारलं, "घरात डॉक्टर असून इकडं कसं आज्जी?" मी म्हटलं, "ती मोठ्या रोगाची हाय, माझा बारका हाय."

स्थळं यायची. डॉक्टर सून पाहिजे असायची, स्वतःच्या दवाखान्यात बसवायला. परीक्षेचं विचारलं की नंतर कळवतो म्हणून जायची. नंतर यायचीच बंद झाली.

मग एक दिवस तोच एजंट घरी आला. मला वाटलं, मुलगा त्याला दोन शब्द सुनावेल. मुलाने त्याला खुर्ची दिली. एजंट नातीला म्हणाला, "घरात बसून काय करतीस? अभ्यास होईस्तोवर ऑफिसात येऊन बस. चार पालकांशी बोल. तू सांगितलेलं पटतंय लोकांना." ती गेली. आता तिथे पांढरा कोट घालून बसते. लांबलांबच्या गावांहून माणसं येतात आणि ती त्यांना हॉस्टेल, मेस, विमान सगळं सांगते. एजंट म्हणतो, ही आपलीच विद्यार्थिनी, डॉक्टर. ती खोटं बोलत नाही. परीक्षेचं कुणी विचारलं तर सांगते. कुणी विचारत नाही.

या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतली एक बाई एका रविवारी दुपारी घरी आली. तिच्या नवऱ्याचं मोटारसायकलच्या सीटा शिवायचं दुकान आहे. मुसलमान घर, माझं लग्न होऊन मी या गल्लीत आले त्याच्या आधीपासूनचं. बरोबर तिची मुलगी होती. तिचाही नंबर लागला नव्हता.

"मावशी, जायाचं तर ठरलंच हाय," ती म्हणाली. "पण आधी म्हटलं तुमच्या घरात इचारून घ्यावं. ऑफिसात समदी ग्वाडच बोलत्यात."

नात समोर बसली होती. मी लसूण सोलत होते. ती आता सांगेल, मग सांगेल, म्हणून वाट बघितली. ती माझ्या सुपातला लसूण घेऊन सोलायला लागली.

"पाठवू नगंस," मी म्हटलं.

"का वं?"

"ही डॉक्टर न्हाय. तिथली डिग्री हितं नुसती चालत न्हाय. वर परीक्षा असती. ती हिला सुटलेली न्हाय, आन् सुटंल असं मला वाटत न्हाय."

बाई आधी हसली. "काय बोलताय मावशी! आख्ख्या गल्लीनं बोर्ड बघितलाय. कोट घालून बसती ऑफिसात, माझ्या नणंदंनं फोटो दावला."

"कोट कुणीबी घालतंय."

तिचं हसू गेलं. "तुमची जाऊन आली. आता आमची निघाली तर न्हाय व्हय? म्हशीवाल्याची झाल्याली चालती, सीटवाल्याची कशाला, असंच की."

"तसं न्हाय गं."

"मग चार वर्सं तोंडात काय धरलं होतं? इचारलं की पुढचं शिक्षण, पुढचं शिक्षण!"

ती नातीकडे वळली. "तू सांग बाई. आज्जी म्हणत्यात ते खरं हाय?"

नातीने त्या पोरीकडे बघितलं. पोरगी अंगठ्याने मोबाइल पुसत उभी होती.

"आज्जीचं वय झालंय," नात म्हणाली. मग पोरीला म्हणाली, "थंडीचे कपडे इथनं घेऊ नको. तिथं चांगले मिळतात."

बाईचा जीव भांड्यात पडला. मला नमस्कारसुद्धा करून गेली.

त्या गेल्यावर मी म्हटलं, "माझं वय झालं व्हय?"

"मग काय सांगू? मी नको म्हटलं तर दुसऱ्या एजंटाकडं जातील. तिथं मेसबी न्हाय."

"परीक्षा असती एवढं तरी सांगायचंस."

"मला सांगितलेलं की. पहिल्याच वर्षी, एका सिनियरनं. मला वाटलं, ती ढ असंल."

लसणाची टरफलं मी सुपात गोळा केली. तिच्या आवाजात रागही नव्हता आणि लाजही नव्हती.

"या टायमाचा फॉर्म भरलास?"

"न्हाय."

"आन् मागचा?"

"तोबी न्हाय."

"बापाला म्हाईत हाय?"

तिने नाही म्हणून मान हलवली.

तेवढ्यात मुलगा गोठ्यातून हात धुऊन आला. टॉवेलला हात पुसत त्याने तिला विचारलं, "अभ्यास कसा चाललाय?"

"चाललाय," ती म्हणाली, आणि त्याला ताट वाढायला उठली.