खोल खाचांचे टायर

शनवारा भागातल्या टायरच्या दुकानात मी पंक्चर काढायला थांबलो होतो. देडतलाईकडचा एक पिकअपवाला टायरच्या खाचांत बोट घालून खोली बघत होता.

“माल केळीचाच ना? सडक पक्की आहे, साधे घ्या,” दुकानदार म्हणाला.

“घराकडची कच्ची आहे ना भाऊ. मागच्या पावसाळ्यात बायकोला दवाखान्यात नेत होतो. कीचडमधे चाकं नुसती फिरत राहिली. ट्रॅक्टर आला तोवर ती गेली. आता घरी कोणी नाही, तरी खोल खाचांचेच द्या.”

दुकानदाराने चार टायर काढले. ते बसवून होईपर्यंत पिकअपवाला गाडीजवळ उकिडवा बसून राहिला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाला, “एवढ्या तापात ती विचारे, उतरून धक्का मारू का? माझ्यावर चिडली असती तर बरं होतं.”