रोहिड्यावरचं दव

वाळवंटात रोहिड्याच्या झाडाला भर उन्हात केशरी फुलं येतात. फोटोत दव दिसावं म्हणून मी एका फुलावर बाटलीतलं पाणी शिंपडलं. रिकामा हंडा डोक्यावर आणि लहान मुलीला कडेवर घेऊन चाललेली एक बाई थबकली.

"कोमेजलं होतं का?" तिने विचारलं.

खरं सांगायची लाज वाटली. मी नुसती मान डोलावली.

थेंब ओघळू लागले, तसा तिने खाली हात धरला आणि ओला तळवा कडेवरच्या मुलीच्या ओठांना लावला. माझी बाटली अर्धी भरलेली होती. ती पुढे करायचं मला सुचलंच नाही. मी बटण दाबलं. कसले डोळे हे माझे! समोरची तहानही त्यांना आधी सुंदर दिसते.

फोटो बघून लोक विचारतात, "तिकडे उन्हाळ्यातही दव पडतं?"

मी अजून नुसती मान डोलावतो.