बाईंचा राजीनामा

भाषाशास्त्राच्या मॅडमना पूर्वी सर म्हणणारी माणसं अजून त्याच कॉलेजात होती. कुणाची जीभ घसरली की मॅडमच सांभाळून घेत, "असू दे हो, मलासुद्धा सवय व्हायला वेळच लागला."

स्त्री-अभ्यासकांची संघटना त्यांच्या बाईंनी उभी केली होती. बाई म्हणजे पीएचडीच्या मार्गदर्शक. वडिलांनी घराबाहेर काढलं तेव्हा बाईंनीच मॅडमना आपल्या वरच्या खोलीत ठेवून घेतलं होतं. संघटनेच्या अंकाची मुद्रितं मॅडम वर्षानुवर्षं तपासत आल्या, पण सभासद फक्त स्त्रियाच होऊ शकत. स्त्री म्हणून उघड जगू लागल्यावर त्यांनी अर्ज केला.

सभेत अध्यक्षा अवघडून म्हणाल्या, "जरा बाहेर थांबता का?"

"थांबले असते. पण माझ्याविषयीच बोलणार, तर मलाही ऐकू द्या की."

थोडा हशा पिकला. मग बाई उठल्या.

"माझा कुणावर राग नाही. पण मुलगी म्हणून वाढताना जे सोसलं, त्यातून ही संघटना निघाली. शिकू द्यावं म्हणून मी घरात अन्न सोडलं होतं. हे ज्यांच्या वाट्याला आलं नाही, त्यांना इथे जागा कशी द्यायची?"

मागून एक तरुण प्राध्यापिका म्हणाली, "बाई, सोसणं मोजून आत घ्यायचं ठरलं, तर मीही बाहेरच राहीन."

बराच वाद झाला. शेवटी हात वर झाले आणि अर्ज जेमतेम मंजूर झाला. बाईंनी तिथल्या तिथे राजीनामा दिला.

मॅडम जिन्यापर्यंत धावल्या. "बाई, मी अर्ज मागे घेते."

"वेडी आहेस का!" बाई बोलून गेल्या आणि स्वतःच थबकल्या. आपण 'वेडी' म्हणालो ते त्यांच्या ध्यानात आलं असावं. मॅडमनी पुढे केलेला हात मात्र न धरताच त्या कठड्याच्या आधाराने उतरल्या.

त्या हिवाळ्यात बाईंना अर्धांगवायू झाला, वाचा गेली. मॅडम भेटायला जात. सून दारातच ओशाळून सांगे, "विचारलं मी. मान हलवतायत, नको म्हणून."

बाई गेल्यावर शोकसभेत बोलायला संघटनेनं मॅडमनाच सांगितलं.

"नको. त्यांना आवडलं नसतं," मॅडम म्हणाल्या. दुसऱ्यांची भाषणं त्यांनी शेवटच्या रांगेत बसून ऐकली. बाहेर आल्यावर ती तरुण प्राध्यापिका बसस्टॉपपर्यंत सोबत आली. तिथे, चारचौघांत, मॅडमना रडू आवरेना.