चुन्याचा ठिपका

नमस्कार मंडळी. या सदरातले अनुभव मी गेली कितीतरी वर्षं वाचतोय... आणि कबूल करतो, हसण्यासाठी वाचतोय. पांढरी साडी, उलटे पाय, मागून आलेली हाक — सगळं बायकोला वाचून दाखवतो, तेही वेगवेगळे आवाज काढून. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. आजही 'आहे' म्हणताना जीभ अडते. पण माझ्या घरी भरदुपारी एक माणूस आला, दोन कप चहा पिऊन गेला, आणि त्यापायी माझा सख्खा भाऊ माझ्यापासून तुटला. तेव्हा आता हसायची पाळी तुमची.

मी देऊळगाव राजाचा. वय एक्कावन्न. धंदा साउंड सिस्टीमचा — लग्न, उद्घाटन, सत्कार, काहीही असो, स्पीकर माझे आणि माइकवर बोलणाराही मीच. अशा माणसाला घरात समुद्र ठेवायची हौस आली. पुण्यात एका गिऱ्हाइकाकडे रीफ टँक पाहिला — खाऱ्या पाण्याची काचेची टाकी, आत जिवंत प्रवाळ, नारिंगी मासे — आणि मी तिथेच पाघळलो. वर्षभरात आमच्या हॉलमध्ये चार फुटी टाकी उभी राहिली. ज्या गावात निम्म्या लोकांनी समुद्र पाहिला नाही, त्या गावात मी तो भिंतीला टेकवून ठेवला. पाहायला रांग लागायची. मी कॉमेंट्री करायचो.

एकच माणूस खूश झाला नाही. माझे थोरले भाऊ. आम्ही त्यांना दादा म्हणतो. माझ्याहून चौदा वर्षांनी मोठे. वडील गेल्यावर मला त्यांनीच वाढवलं. दुसरबीडजवळच्या एका गावात राहतात, तिथल्याच पाणी योजनेवर त्यांनी व्हॉल्व्हमन म्हणून जन्म काढला. कुठल्या गल्लीला किती वेळ पाणी सोडायचं, हे त्यांच्या हातात. जमिनीखालच्या पाइपाला लोखंडी सळई लावून, दुसरं टोक कानाला धरून ते गळती सांगायचे. असे कान.

दादा पहिल्यांदा टाकी पाहायला आले, तेव्हा मी नेमका फिल्टरच्या गोड्या पाण्यात मीठ कालवत होतो. भर उन्हाळा.

"हे काय करून राह्यला बे?"

"समुद्र बनवतोय, दादा."

"किती पानी लागते याले?"

"चारशे लिटर." मी छाती फुगवून सांगितलं.

दादांनी बोटांवर हिशोब केला. "म्हंजे पंचवीस-तीस हंडे. एका हंड्यासाठी बाया माझ्या अंगावर धावून आल्यात. आन् तू ते खारं करून ठेवतो."

चहा न पिता गेले. पुन्हा घराची पायरी चढले नाहीत. वहिनींकडून निरोप मिळाला — "त्या घरात सारखा पानी सांडल्याचा आवाज येतो, म्हणतात. त्यायले तिथं बसवत नाही."

आवाज होता, हे खरं. अशा टाकीत वरचं पाणी काठावरून एका खणात सांडतं, तिथून पाइपाने खालच्या कपाटातल्या दुसऱ्या टाकीत उतरतं — तिला सम्प म्हणतात — आणि गाळून पंपाने परत वर. चोवीस तास. आणि चोवीस तास धबधब, मधूनच हवा ओढल्याचा गुर्रर्र असा घोट. मला सवय झाली होती. आयुष्यभर गळती शोधत फिरलेल्या माणसाला ते ऐकताना काय होत असेल, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

दीड वर्ष असंच गेलं. मग ऋतुजाचं, माझ्या मुलीचं, लग्न ठरलं. साखरपुडा घरीच, रविवारी. आता मला सांगा, ज्या माणसाने मला शाळेत घातलं, तो माझ्या मुलीच्या साखरपुड्याला नाही... मी वहिनींना फोनवर फोन केले. शेवटी मागून दादांचा आवाज ऐकू आला.

"आवाज बंद कर म्हणा त्याले. मंग पाहू."

बस्स. मी महिनाभर आधी कामाला लागलो. कागदावर तीन पाइपांचा नकाशा काढला. पहिला पाण्याने गच्च भरून वाहणारा, हवेला जागाच नाही, म्हणून आवाज नाही. दुसऱ्यातून फक्त ओघळ. तिसरा कोरडा, बाकीचे तुंबले तरच कामाचा. लाइट गेली, पंप थांबला, की वरचं पाणी खाली येणार, म्हणून सम्पमध्ये तेवढी जागा रिकामी ठेवली. सगळं पुस्तकी. फक्त पहिल्या पाइपाला मी घरच्या नळाचा खटक्याचा वॉल, म्हणजे व्हॉल्व्ह, लावला होता. तो एक तर जास्त उघडायचा, नाहीतर जास्त बंद व्हायचा. मग तो काढून चाकाचा, आटे फिरवत उघडायचा वॉल बसवला. तरी जमेना. थोडा उघडला की गुर्रर्र, थोडा आवळला की दुसऱ्या पाइपात धबधब. आठ दिवस मी कपाटात डोकं घालून बसलो होतो. बायको, सुनंदा, म्हणाली, "पाव्हणे आल्यावर तुमचे पायच दाखवायचे का?"

शुक्रवारी मी हात टेकले आणि चिखलीला एका हॉलचं काम होतं, तिकडे निघून गेलो. संध्याकाळी घरी आलो, चप्पल काढली... आणि दारातच थांबलो. पंप चालू. पाणी फिरतंय. आवाज नाही. माझ्या धंद्यात मी इतकी शांतता कधी ऐकली नव्हती.

"दादा आले होते," सुनंदा म्हणाली. "तीनच्या सुमाराला. आले ते सरळ कपाटापाशी बसले. दोन मिनिटांत उठले. मी म्हटलं, झालं? तर म्हणे, अर्धा आटाच तर होता."

"आणि?"

"चहा पिले. दोन कप. ऋतुजाच्या डोक्यावर हात ठेवला अन् गेले."

मी कपाट उघडलं. वॉलच्या चाकावर चुन्याचा ठिपका. ही दादांची नोकरीतली खूण — वॉल ठरवला की तंबाखूच्या डबीतला चुना बोटाला लावून ठिपका द्यायचा, म्हणजे कोणी हात लावला तर कळतं. आमच्या घरात तंबाखू नाही, चुना नाही. मंडळी, मी एक्कावन्नाव्या वर्षी सम्पसमोर बसून रडलो.

शनिवारी सकाळी पेढे घेऊन त्यांच्या गावी गेलो. दादा ओट्यावर होते, शेजारी चार-पाच जण. मी लांबूनच माइकवरच्या आवाजात सुरू केलं — "काय हो दादा, गुपचूप येता, काम करता, अन् मला भेटतही नाही?"

दादांनी मान वळवली. उजव्या डोळ्यावर हिरवी पट्टी.

"मी कुठं आलतो?"

"काल. आमच्या घरी. तीन वाजता."

वहिनी दारात आल्या. "काल सकाळपासून आम्ही जालन्यातच होतो. डोळ्याचं ऑपरेशन झालं त्यायचं. आज सकाळी आलो घरी."

"मला सांगितलं नाही?"

"काऊन सांगायचं?" दादा म्हणाले.

मी सगळं सांगितलं. अर्धा आटा, ठिपका, दोन कप चहा. जसजसा सांगत गेलो, तसतसं मलाच कळत होतं की हे कसं ऐकू येतंय. शेजारचा एक जण हसला. दादांचा उघडा डोळा माझ्यावरच होता.

"लोकायले हसवतो ते ठीक हाय. मले हसू नको."

"दादा, शपथ..."

"मी न येता तुझं काम झालं ना? मंग रविवारी बी होईल."

पेढ्यांचा बॉक्स ओट्यावर तसाच राहिला.

साखरपुडा झाला. पाहुण्यांनी विचारलं, मोठे भाऊ दिसत नाहीत? मी म्हणालो, डोळ्याचं ऑपरेशन झालंय. खोटं बोलायची वेळ आली नाही, एवढीच काय ती सोय. टाकीपाशी पाहुणे बसले होते, एकाने विचारलं, बंद आहे का हो ही?

सुनंदाला खोदून खोदून विचारलं. डोळ्याला पट्टी नव्हती, म्हणते. दादाच होते, म्हणते. पंचवीस वर्षं पाहतेय मी त्यांना. ऋतुजाही तेच सांगते. जालन्याच्या दवाखान्याचा कागद मी स्वतः वहिनींकडून मागून पाहिला, तारीख त्या शुक्रवारचीच आहे. आणि नवा वॉल बसवल्याचं दादांना कोणीही सांगितलं नव्हतं. मला उत्तर सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कोणाला सापडलं तर कळवा, मी हसणार नाही.

गेल्या महिन्यात मी एक गोष्ट केली, ती सुनंदालाही सांगितली नाही. ती घरी नसताना कपाट उघडलं आणि तो वॉल मुद्दाम अर्धा आटा फिरवला. ठिपका सरकला. गुर्रर्र सुरू झालं, धबधब सुरू झाली. सुनंदा आल्यावर म्हणाली, बिघडलं वाटतं. मी हो म्हणालो.

तेव्हापासून दुपारी तीनला मी दुकानातून घरी येतो आणि हॉलमध्ये बसून राहतो. अजून कोणीच आलेलं नाही. ना दादा, ना तो.